शूसेनापतींनीं हळदी नदीस दरवाजा दिला, ती हकीकत

॥ श्री ॥ वाहत्या उदकास नमन असो, आणि तें वळविणाऱ्या हातांस नमन असो. शके अठराशें एकाहत्तर, विरोधीनाम संवत्सर, ते समयीं पूर्वदिशेस एक थोर राज्य होतें, त्याच्या नांवावांचून हकीकत अडत नाहीं म्हणोन नांव लिहिलें नाहीं. त्या राज्यांत राजा होता तो पदच्युत जाहला आणि क्रांतिपक्षाचें मंडळ तख्तीं बैसलें आणि गांवोगांव ढोल वाजले. या फत्तेचें मूळ शूसेनापती. हे हळदी नदीच्या उत्तरतीरीं शूच्वांग म्हणोन गांव, तेथील शेतकऱ्याचे पुत्र. आईबाप लहानपणींच वारले, आणि थोरली बहीण लानअक्का, तिनें यांस वाढविलें. अंगीं शौर्य बहुत, बोलणें थोडें, आणि युद्धांत यांचे कायदे दोनच. एक ऐसा कीं, मैदानांत शत्रूस दोहों बाजूंनीं चिमटा द्यावा. दुसरा ऐसा कीं, किल्ल्यास वेढा घातला तर एक दरवाजा मोकळा ठेवावा, कां कीं कोंडलेला माणूस जिवावर उदार होऊन लढतो, आणि वाट दिसली म्हणजे चालूं लागतो. या रीतीनें सेनापतींनीं बहुत किल्ले घेतले आणि माणूस थोडें खर्चिलें. पुढें राजपक्षाचा मातबर सरदार मंग, तो मोठा तोफखाना घेवोन शूच्वांगच्या सखल मुलुखांतून चालोन आला, आणि सेनापतींपाशीं फौज थोडी, आणि दुसरा उपाय दिसेना, तेव्हां सेनापतींनीं दवंडी पिटोन माणसें, गुरें, धान्य उंचावर काढविलें आणि नदीचा बांध स्वहस्तें फोडिला. मग हळदी आपलें जुनें पात्र सोडोन सखल मुलुखांत शिरली, आणि तोफा चिखलांत रुतोन बुडाल्या, आणि मंग सरदार उरल्या फौजेनिशीं चिंगलिंगच्या किल्ल्यांत गेला. त्या किल्ल्यास सेनापतींनीं वेढा दिला आणि पश्चिम दरवाजा मोकळा ठेविला, आणि मंग त्या वाटेनें माणसांसह बाहेर पडला आणि पुढें हत्यार ठेवोन कैदेंत आला. ऐसी युद्धाची फत्ते जाहली. परंतु नदी परत गेली नाहीं. माणसें उंचावर निघालीं, थडगीं कशीं निघावीं? त्या राज्याची चाल ऐसी कीं, दर वसंतीं सणाचे दिवशीं घरच्यांनीं झाडू घेवोन वडिलांच्या थडग्यांपाशीं जावें, तीं झाडावीं आणि अन्न ठेवावें, आणि ज्याचीं थडगीं झाडलीं जात नाहींत त्याचें घर नांदतें म्हणोन कोणी धरीत नाहीं. सेनापतींचे आईबाप पाण्याखालीं राहिले, आणि त्यांचे बरोबर अवघ्या मुलुखाचे आईबाप पाण्याखालीं राहिले.

राज्य स्थिर होतांच मंडळानें सेनापतींस हुजूर बोलाविलें आणि सन्मानें बसवोन म्हणाले कीं, "सेनामंत्रिपद आपलेंच आहे, शिक्का तयार आहे, हात पुढें करावा." सेनापती म्हणाले, "शिक्का दुसऱ्यास द्यावा. मजला नदी द्यावी." मंडळींनीं एकमेकांचीं तोंडें पाहिलीं. फंगसाहेब म्हणोन मंडळाचे वकील होते, जिभेचे तिखट, ते म्हणाले, "ठीकच आहे. ज्यानें फोडली त्यानेंच बांधावी, म्हणजे दोष द्यावयास दुसरा माणूस शोधणें नको." सगळे हांसले आणि सेनापतीही हांसले आणि जलमंत्रिपदाचीं वस्त्रें घेवोन तडक नदीवर आले. तेथें तुतीच्या झाडाचा वठलेला शेंडा पाण्याबाहेर होता, तें झाड सेनापतींच्या अंगणांतील, आणि त्या शेंड्यास एक होडी बांधली होती, आणि होडींत लानअक्का आणि तिचें एक बदक. बांध फुटला त्या दिवसापासून अक्का भावाशीं एक शब्द बोलली नव्हती आणि गांवची जागा सोडोन हललीही नव्हती. दर वसंतीं ती होडींतून अन्न पाण्यांत सोडी आणि ओला झाडू वाळवोन परत ठेवी. सेनापतींनीं आपली नाव जवळ आणोन हात जोडिले आणि म्हणाले, "अक्का, मी मंत्री जाहलों." अक्का बदकास म्हणाली, "बदके, साहेब मंत्री जाहले. तूं पंख नीट मिटोन बैस." सेनापती म्हणाले, "पुढल्या सणास तुझ्या हातून कोरड्या जमिनीवर आईबापांचें थडगें झाडवितों. शब्द देतों." अक्का म्हणाली, "बदके, साहेबांस विचार, शब्द पाण्यांत तरंगतो काय? आणि हेंही सांग कीं, जित्यांस दवंडी पिटली, मेलेल्यांस कोणी हांक मारिली होती?" सेनापतींनीं नाव वळविली आणि तीरावर येतांच हुकूम सोडिला कीं, मोहीम सुरू.

मोहीम ती कैसी? हिवाळ्यांत हळदीचें पाणी उतरतें आणि वसंतीं वरच्या मुलुखांतील बर्फ वितळोन पूर येतो. त्या दोहोंमध्यें फुटल्या बांधाचें खिंडार बुजवावें, नाहीं तर वर्ष गेलें आणि शब्दही गेला. सेनापतींनीं आपल्या जुन्या पलटणी बोलाविल्या आणि कैदी बोलाविले आणि मुलुखाची रयत बोलाविली, आणि कडब्याचे व वाळुंजाच्या फांद्यांचे घराएवढे भारे बांधविले आणि त्यांचे पोटांत दगड घातले आणि अंबाडीचे दोर आवळिले. मग युद्धांतील पहिला कायदा नदीस लाविला. उजवी बाजू दूसरदारांकडे आणि डावी बाजू लोसरदारांकडे देवोन दोहों टोंकांकडून बांध पुढें पुढें न्यावा आणि मध्यें नदीस चिमट्यांत धरावें, ऐसी मसलत ठरली. या दोन सरदारांत लढाईपासोन चुरस होती, ती येथें दुणावली. दोहों टोंकांस निशाणें लागलीं आणि नगारे बसले, आणि एका बाजूनें भारा लोटिला कीं दुसऱ्या बाजूनें दोन लोटावे ऐसें चाललें. दूसरदार कर्णा तोंडास लावोन पलीकडे ओरडत, "लोबाबा, तुमची पलटण वरातीस निघाली आहे काय? नवरी म्हातारी होईल." लोसरदार उत्तर देत, "आम्ही दगड टाकितों, तुम्ही जीभ टाकतां. हिशेब शेवटीं होईल." माणसें हांसत आणि घामानें निथळत आणि थंडींत अंगावरून वाफ निघे, आणि खिंडार रोज लहान होत चाललें, आणि राजधानीस तारेवर तार जात होती कीं, आज उजवी बाजू पुढें सरली, आज डावी बाजू पुढें सरली. पाणी काय करीत आहे हें कोणी कळविलें नाहीं, कां कीं लढाईंतही शत्रूची प्रगती कळविण्याची चाल नव्हती. कैद्यांच्या रांगेंत मंग सरदार दगड वाहत होता. तो एके दिवशीं टोपली खालीं ठेवोन उभा राहिला आणि म्हणाला, "थांबवा. ती चिडली आहे." पहारेकऱ्यानें ढोसोन त्यास रांगेंत घातलें.

दोहों टोंकांच्या सांधणीचा दिवस नेमिला आणि मंडळाकडोन फंगवकील समारंभास आले आणि मंडप उभारिला. आतां खिंडार एवढें अरुंद जाहलें होतें कीं, दोहों टोंकांचे शिपाई एकमेकांचे चेहरे ओळखत. परंतु सारी नदी तेवढ्या फटींतून जावयाची, ती जाड जाहली आणि हिरवीपिवळी जाहली आणि तिचा आवाज नगाऱ्यावर चढला, आणि ती आडवी जाईना म्हणोन उभी खणूं लागली, आणि तळाची वाळू उपसोन बांधाच्या पायाखालोन काढूं लागली. शेवटचा भारा, सर्वांत थोर, त्यावर तांबडें निशाण रोवोन दोहों बाजूंच्या दोरांवर लोंबत ठेविला होता. सेनापतींनीं हात खालीं केला. दोर सुटले, भारा बसला, फट बुजली, आणि माणसांनीं टोप्या हवेंत उडविल्या, आणि क्षणभर खरोखर नदी उभी राहिली. मग तिची पाठ वर येवूं लागली. पाणी चढलें, आणखी चढलें, आणि त्यास जावयास कोठेंच जागा नाहीं, ऐसें होतांच डाव्या बाजूचें टोंक खालोन पोकळ होवोन बसलें, आणि मागोन उजवें टोंक बसलें, आणि थोर भारा निशाणासह गवताच्या काडीसारखा फिरत निघोन गेला. दूसरदारांनीं स्वतः दोरीनें माणसें ओढोन काढिलीं आणि लोसरदारांस तर त्यांच्या कमरपट्ट्यास धरोन वर घेतलें. माणूस वांचलें, बांध गेला. लोसरदार ओकत ओकत बोलले, "दूबाबा, नवरी पळाली." कोणी हांसलें नाहीं. फंगवकील मंडपांतून खालीं आले आणि म्हणाले, "यांत दगा आहे. कैद्यांत राजपक्षाचा मंग आहे आणि तो 'चिडली आहे' ऐसें बोललेला आहे. त्यास काय ठाऊक होतें, हें विचारावें आणि मग त्याची गर्दन उतरवावी." सेनापती म्हणाले, "विचारणें माझें. गर्दनेचें पुढें पाहूं."

मग सेनापती एकटेच कैद्यांच्या छावणींत गेले आणि मंग सरदार पायास फडकें बांधीत बसला होता त्याचे समोर जमिनीवर बसले. मंग उठूं लागला. सेनापती म्हणाले, "बसावें. आपण दोघेही हरलेले आहों. आपणांस काय ठाऊक होतें तें सांगावें." मंग म्हणाला, "मी नदीचा जाणता नाहीं. बंदुकीशिवाय दुसरें शिकलों नाहीं." "मग ती चिडली हें कशावरून जाणिलें?" मंग फडक्याची गांठ मारीत म्हणाला, "चिंगलिंगच्या किल्ल्यांत मी कोंडलों होतों. चोहोंकडे आपले मोर्चे. माझे शिपाई दात खाऊन म्हणत होते, मरूं पण दहाजणांस घेवोन मरूं. मग कोणीसें धांवत आलें कीं, पश्चिम दरवाजासमोर कोणी नाहीं. साहेब, त्या क्षणीं अवघ्या फौजेचा आवाज उतरला. तो आवाज मी ओळखतों आणि चढलेला आवाजही ओळखतों. परवां फटीपाशीं चढलेला आवाज ऐकिला." ऐसें म्हणोन त्यानें सेनापतींकडे नीट पाहिलें आणि पुसिलें, "मजसारख्या शत्रूस आपण दरवाजा ठेविला. नदीस दरवाजा कोठें ठेविला होता?" सेनापती आपल्याच गुडघ्यावर हात मारोन उठले आणि म्हणाले, "मंगसरदार, आजपासोन टोपली सोडावी आणि मजबरोबर चालावें."

तडक जलखात्याच्या कचेरींत येवोन इंजिनिअर मंडळींस पुसिलें कीं, नदीस जुन्या पात्रांत परत जावयास वाट कोणती काढिली आहे. इंजिनिअरांनीं नकाशा पसरिला. जुन्या पात्राचे तोंडाशीं गाळ साचोन उंच जाहला होता, त्यांतून एक चर काढिला होता, परंतु तो सरळ न जातां मध्येंच थोर वळसा घेवोन कोपऱ्यांत अरुंद होत होता, म्हणोन नदी त्यांत मावली नव्हती. सेनापतींनीं त्या वळशावर बोट ठेविलें. "पाणी ऐसें कां चालेल? हें काय आडवें आलें?" इंजिनिअर एकमेकांकडे पाहूं लागले. शेवटीं मुख्य होते ते म्हणाले, "साहेब, येथें आपण उभे आहां." आणि तें खरेंच होतें. नदी निघोन गेली तेव्हां कोरड्या पात्राच्या तोंडीं मंडळानें विजयस्तंभ उभारिला होता, आणि त्यावर शूसेनापती दगडी घोड्यावर बसोन बांध फोडण्याची आज्ञा देत आहेत, ऐसी थोर मूर्ति होती. इंजिनिअरांची लेखणी सरळ येई आणि मूर्तीपाशीं येतांच वळे, कां कीं जिवंत मंत्र्यास "आपली मूर्ति हलवावी" ऐसें म्हणावयास कोणी धजला नाहीं. सेनापती म्हणाले, "माझ्यामुळें नदी कोंडली, तें एकदां ठीक. दोनदां ठीक नव्हे. स्तंभ काढावा आणि चर सरळ करावा." फंगवकील मध्यें आले. "स्तंभ राज्याचा आहे. त्यास हात लावणें तें राज्यास हात लावणें." सेनापती म्हणाले, "वकीलसाहेब, वरचा माणूस दगडी आहे, त्यास पोहतां येत नाहीं. पाणी येण्याआधीं त्यास काढणें ही माझी जबाबदारी." वकील म्हणाले, "मी मंडळास लिहितों." सेनापती म्हणाले, "अवश्य लिहावें, आणि लिहितांना उभे राहण्याची जागा जरा उंच निवडावी."

मग जी धांदल उडाली ती काय वर्णावी? पूर येण्यास दिवस थोडे राहिले, आणि वरच्या मुलुखांतून बर्फ तडकूं लागल्याच्या वार्ता आल्या, आणि अवघी रयत फावडीं घेवोन जुन्या पात्राच्या तोंडीं लोटली. स्तंभास दोर लागले. शिपाई बुजले, कां कीं मूर्ति आपल्याच सेनापतींची. तेव्हां सेनापतींनीं पहिला दोर आपल्या खांद्यावर घेतला आणि दुसरा मंग सरदारानें घेतला, आणि मूर्ति घोड्यासह हळूच कलली आणि मग जोरानें पडली, आणि धुळीचा लोट उठला. इतक्यांत फंगवकील हातीं तार घेवोन धांवत आले आणि उंच जागीं उभे राहोन वाचूं लागले, "मंडळाची आज्ञा आहे कीं, स्तंभास..." सेनापतींनीं नगारेवाल्यांकडे पाहिलें. नगारे वाजूं लागले. वकील ओठ हलवीत राहिले आणि नगारे वाजत राहिले, आणि तोंवर घोड्याचे पाय, स्तंभाचें जोतें, शिलालेख, सारें होड्यांवर चढलें. खिंडारावर यावेळीं चिमटा दिला नाहीं. होड्यांची एक रांग या टोंकापासोन त्या टोंकापर्यंत नांगरिली, आणि सगळ्या रुंदीवर एकसमयीं दगड आणि भारे सोडिले, म्हणजे बांध बाजूंनीं न वाढतां तळापासोन सारखा वर चढेल आणि पाणी त्यावरून पातळ होवोन जाईल आणि कोठेंही चिडणार नाहीं. पहिला दगड घोड्याचें मस्तक. दूसरदार आणि लोसरदार यांस सेनापतींनीं एकाच होडींत घातलें, म्हणोन चुरस करावयास समोर कोणी राहिलें नाहीं. लोसरदार म्हणाले, "दूबाबा, आतां कोणाशीं भांडूं?" दूसरदार म्हणाले, "दोर धर. हात रिकामा राहिला म्हणजे तुला विचार सुचतात." बांध वर आला, पाणी पातळ जाहलें, आणि मग चराचे तोंडचा शेवटचा मातीचा पडदा कापिला. मंग सरदार पाण्याकडे कान लावोन बसला होता. सेनापतींनीं पुसिलें, "काय म्हणते?" मंग म्हणाला, "अजोन विचार करते." मग चरांत एक जिभेएवढी धार शिरली, आणि ती धार हाताएवढी जाहली, आणि मग काठ ढांसळवीत, फेस उडवीत अवघी हळदी आपल्या जुन्या घरीं धांवत सुटली, आणि खिंडाराचा आवाज उतरला. मंग उठोन उभा राहिला आणि टोपी काढोन म्हणाला, "दरवाजा सांपडला." तीरावर लाखों माणसें रडलीं आणि नाचलीं, आणि फंगवकिलांची उंच जागा चराकांठीं होती ती ढांसळली, आणि ते तारेसह गुडघाभर पाण्यांत उभे राहिले, त्यांस शिपायांनीं उचलोन आणिलें. पुढें वसंताचा पूर आला तो जुन्या पात्रानें मुकाट गेला.

सणाचे दिवशीं सखल मुलुख उघडा पडला होता, परंतु पहावयास काय? गांव नाहीं, भिंत नाहीं, शेत नाहीं, पुरुषभर पिवळा गाळ सर्वत्र सारखा, आणि थडगें कोठें हें ओळखावयास एक खूण नाहीं. सेनापतींनीं शब्द दिला होता कोरड्या जमिनीचा, आणि येथें पाय रुतत होता. लानअक्काची होडी चिखलांत तिरकी बसली होती आणि तुतीचें अर्धें झाड वर दिसत होतें. अक्का झाडास पाठ लावोन उभी राहिली आणि डोळे मिटोन लहानपणचीं अंगणांतून थडग्यापर्यंतचीं पावलें चालली आणि एका जागीं थांबली. मग होडींतील झाडू घेतला आणि कांहीं न बोलतां सेनापतींच्या हातीं दिला. सेनापती गाळ झाडूं लागले. गाळ झाडला जात नाहीं, फांसला जातो. तरी ते झाडीत राहिले. इतक्यांत फंगवकील पायजमा वर धरोन चिखलांतून आले आणि मंडळाचा निकाल वाचूं लागले कीं, नदी जागेवर आली याजकरितां जलमंत्रिपद कायम. स्तंभ पाडिला याजकरितां सेनापतीचा किताब काढोन घ्यावा. कैदी मंग यास नदीकामाबद्दल मोकळा सोडावा. यावेळीं नगारे नव्हते, सर्वांनीं ऐकिलें. सेनापतींनीं मान हलविली आणि झाडू चालूच ठेविला. वकील जरा थांबोन म्हणाले, "आपलें कांहीं म्हणणें?" सेनापती बोलणार, तोंच मागोन आवाज आला.

"दगड्या," लानअक्का म्हणाली. बदक होडींतच होतें, तिनें त्याकडे पाहिलेंही नाहीं. "जरा उजवीकडे सर. तूं आईच्या पायांवर उभा आहेस."

लहानपणीं दृष्ट लागूं नये म्हणोन ठेविलेलें तें नांव, अवघ्या राज्यांत दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हतें. जलमंत्री उजवीकडे सरले आणि झाडूं लागले.

एवंच, हळदी आपल्या पात्रीं गेली आणि आजतागायत आहे; दगडी सेनापती घोड्यासह बांधाच्या पायांत आहेत आणि बांध त्यांच्या पाठीवर उभा आहे; मंग आपल्या गांवीं जावोन सुखी जाहला; जलमंत्र्यांनीं पुढें बहुत नद्यांचीं कामें केलीं, आणि प्रत्येक नकाशावर प्रथम एकच प्रश्न पुसला कीं, हिचा दरवाजा कोठें आहे. किताब परत मिळाला नाहीं, मागितलाही नाहीं. बहिणीशीं बोलणें राहिलें तें वर्षानुवर्षें चाललें, त्यांत रागावणेंच अधिक. जैसें घडलें तैसें क्रमानें लिहिलें. आतां लेखणी धुवोन ठेविली, आणि धुतलें पाणी वाटेनें सोडिलें.